‘बाजारपेठेपासून फक्त ५ मिनिटांवर’: प्लॉटच्या जाहिरातीतली ही ५ मिनिटं नेमकी कुणाची?

एनए प्लॉटची कुठलीही जाहिरात उघडा. वर झाडांचा आणि बंगल्याचा फोटो, खाली हप्त्यांचा आकडा आणि मधे एक ठरलेलं वाक्य असतं: ‘बसस्थानक, शाळा, बाजारपेठ फक्त ५ मिनिटांवर.’

ही ५ मिनिटं गाडीवरची की पायी, हे मात्र जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

फरक किती पडतो बघा. साधारण वेगानं चालणारा माणूस ५ मिनिटांत ४०० मीटर जातो. ताशी ३० किलोमीटर वेगानं दुचाकी चालवली तर त्याच ५ मिनिटांत अडीच किलोमीटर होतात. हेच अडीच किलोमीटर चालायचे तर अर्धा तास लागतो, जाऊन-येऊन एक तास. म्हणजे जाहिरातीतलं घर गाडी चालवणाऱ्यासाठी ५ मिनिटांवर असतं आणि त्याच घरातल्या आजीसाठी अर्ध्या तासावर. वाटेत सावली नसेल आणि एप्रिल-मे महिना असेल, तर आजीसाठी ते अंतर पार होण्यासारखंच राहत नाही.

जगातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत सध्या ‘शहराबाहेर मोठं घर, की सगळं पायी गाठता येईल असं मध्यवस्तीतलं छोटं घर’ यावर वाद चालू आहे. हा वाद न्यूयॉर्क-पॅरिसचा वाटतो खरा, पण माण तालुक्यातल्या म्हसवडसारख्या गावातही घर बांधताना नेमका हाच प्रश्न समोर येतो. आपण त्याला फक्त वेगळं नाव दिलंय: गावात राहायचं की रोडला प्लॉट घ्यायचा?

म्हसवड मुळात वसलं कसं?

माणगंगेच्या काठी म्हसवड आहे. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं हे नगरपालिकेचं गाव. तालुक्याचं ठिकाण दहिवडी असलं तरी आसपासच्या वाड्या-वस्त्यांसाठी बाजाराचं गाव म्हणजे म्हसवडच. सिद्धनाथ-जोगेश्वरीचं मंदिर हे गावाचं केंद्र. दिवाळीपासून सुरू होणारा देवाचा लग्नसोहळा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या रथयात्रेपर्यंत चालतो आणि त्या दिवशी लाखोंची गर्दी होते.

महाराष्ट्रातली जुनी बाजाराची गावं अशीच वसलेली दिसतात. मधे देऊळ, त्याला लागून पेठ, पेठेच्या मागं आळ्या, पलीकडे नदी आणि मग शेतं. हे कुणी नकाशावर आखलं नव्हतं. गाड्या नव्हत्या, म्हणून रोज लागणारी प्रत्येक गोष्ट चालण्याच्या टप्प्यात असावी लागायची. किराणा, दळण, शिंपी, वैद्य, देऊळ, शाळा, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. घरं एकमेकांना चिकटून, गल्ल्या अरुंद. माणदेशातल्या उन्हाला हे बरं पडायचं, कारण अरुंद गल्लीत कुठल्या ना कुठल्या भिंतीची सावली असते.

पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये ‘१५ मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. घरापासून १५ मिनिटांत पायी किंवा सायकलवर शाळा, दुकान, दवाखाना, बाग मिळायला हवी, असं ती सांगते. पॅरिसच्या महापौर आन हिदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत हाच मुद्दा उचलला आणि ही कल्पना जगभर गाजली. आपलं जुनं गावठाण या व्याख्येत जवळपास जसंच्या तसं बसतं.

मग लोक गावठाणातून बाहेर का पडले?

हौस हे एक कारण आहेच, पण ते एकमेव नाही. बाहेर पडणाऱ्यांना मूर्खात काढून हा विषय समजणार नाही.

पहिलं कारण म्हणजे जागा. एका वाड्यात तीन भावांचे तीन संसार झाले की भिंती घालून घालून शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला दोन खोल्या येतात.

दुसरं कारण कागद. वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं, पण हक्क सांगणारे वारस दहा-बारा. २००५ च्या हिंदू वारसा कायदा दुरुस्तीनंतर मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे आणि तो योग्यच आहे. मात्र सगळ्यांच्या सह्या एकत्र येईपर्यंत ना घर पाडता येतं, ना कर्ज मिळतं, ना विकता येतं. त्यामुळे गावाच्या ऐन मध्यात कुलूपबंद, पडझड झालेली घरं उभी राहतात आणि राहणारा माणूस दोन किलोमीटरवर प्लॉट शोधतो.

तिसरं कारण गाडी. अरुंद गल्लीत चारचाकी येत नाही आणि रुग्णवाहिकाही येत नाही. यातली पहिली अडचण सोयीची, पण दुसरी जिवाची आहे.

चौथं कारण प्रतिष्ठा आणि बाहेरून येणारा पैसा. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पसरली आणि मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबली. परमुलखात दहा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला गावाकडे ऐसपैस बंगला बांधावासा वाटतो. त्यामागं कित्येक वर्षांचं कोंडलेपण आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

त्यात आता जमिनीच्या अपेक्षांची भर पडली आहे. बंगळुरू-मुंबई औद्योगिक मार्गिकेतली वसाहत म्हसवड परिसरात प्रस्तावित आहे. अशी घोषणा झाली की ‘रोड टच’ जमिनीचे भाव आधी हलतात, कारखाने मागून येतात. मग प्लॉट राहण्यासाठी कमी आणि गुंतवणूक म्हणून जास्त घेतले जातात. चार प्लॉट रिकामे आणि पाचव्यात एक घर, अशी वस्ती तयार होते. अशा वस्तीत किराणा दुकान चालत नाही, कारण गिऱ्हाईकच पुरेसं नसतं.

जग उलटं का वळतंय?

बाहेर पसरण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेनं केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे स्वस्त गृहकर्जं मिळाली, १९५६ च्या कायद्यानंतर महामार्गांचं जाळं झालं आणि शहराबाहेर एकसारख्या बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नियमच असे होते की बऱ्याच ठिकाणी राहण्याच्या भागात दुकान काढायला परवानगी नव्हती. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागायची.

१९६१ मध्ये जेन जेकब्स यांनी अमेरिकन शहरांवरच्या आपल्या पुस्तकात याला थेट विरोध केला. खाली दुकान, वर घर, रस्त्यावर सतत माणसांची वर्दळ असलेली वस्तीच सुरक्षित आणि जिवंत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ते अनेकांना जुनाट वाटलं. आज अमेरिकेत घर शोधताना लोक ‘वॉक स्कोअर’ बघतात, म्हणजे त्या पत्त्यावरून किती गोष्टी पायी गाठता येतात याचे १०० पैकी गुण.

आपल्याकडे याची गोष्ट मुंबईत दिसते. साताऱ्या-कोकणातून गेलेला गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळीत राहायचा आणि भोंगा झाला की चालत गिरणीत जायचा. खोली लहान, पण काम, बाजार, नातेवाईक सगळं पायाखाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यातली बरीच कुटुंबं कल्याण-डोंबिवली, विरारकडे सरकली. घर थोडं मोठं झालं, पण दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये जायला लागले.

म्हणूनच मध्य मुंबईतल्या चाळींच्या पुनर्विकासात ‘आम्हाला इथंच घर द्या’ ही मागणी इतकी जोरकस असते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आधीची खोली होती १६० चौरस फुटांची. या कुटुंबांची जागा वाढली आणि पत्ताही बदलला नाही. बहुतेकांना आयुष्यात यातली एकच गोष्ट मिळते.

पुण्यात पेठा सोडून लोक उपनगरांत गेले आणि आता वाहतूक कोंडीत अडकले. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन्ही स्थानकं थेट जुन्या पेठांत आहेत. ‘पेठेत गाडी लावायला जागा नाही’ ही तक्रार राहिली, पण गाडी काढण्याची गरज थोडी कमी झाली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा होतो. वर्षातला एक दिवसच, पण गाड्या नसल्या तर तोच रस्ता कसा दिसतो हे लोकांनी बघितलं.

खर्चाचा हिशेब

गावाबाहेरचा प्लॉट स्वस्त पडतो, हे खरंय. पण ही तुलना फक्त जागेच्या किमतीची असते. एक साधं उदाहरण घेऊ. आकडे अंदाजे धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

घर बाजारपेठेपासून अडीच किलोमीटर. शाळा, काम, बाजार, क्लास धरून घरातून दिवसाला चार फेऱ्या. एक फेरी ५ किलोमीटर, म्हणजे रोज २० आणि महिन्याला ६०० किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असं धरलं तर १२ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले की झाले १,२६० रुपये.

नवरा-बायको दोघांना दोन गाड्या लागणार. प्रत्येकी १ लाखाची गाडी १० वर्षं टिकली तर दोन्हींचे मिळून महिन्याला सुमारे १,६६६ रुपये. विमा, टायर, सर्व्हिसिंगचे ६०० धरा. एकूण साधारण साडेतीन हजार.

गावात राहणाऱ्याकडेही एक गाडी असतेच. ती आणि तिची देखभाल वजा केली तरी महिन्याला सुमारे २,४०० रुपयांचा फरक उरतो. २० वर्षांत होतात पावणेसहा लाख, आणि यात पेट्रोल एका रुपयानंही महागणार नाही असं धरलंय. प्लॉट घेताना वाचलेल्या पैशांतून ही रक्कम आधी वजा करा.

पैशात न मोजता येणारा भाग

घरातला कर्ता माणूस जागा निवडतो तेव्हा तो गाडीवर बसूनच बघायला गेलेला असतो. पण घरात सगळ्यात जास्त वेळ घालवणाऱ्यांकडे बहुतेक वेळा गाडी नसते. त्यात म्हातारे आई-वडील असतात, गाडी न चालवणाऱ्या बायका असतात आणि शाळेत जाणारी मुलं.

गावात राहणारी आजी सकाळी देवळात जाते, वाटेत चार जणींशी बोलते, येताना कोथिंबिरीची जुडी आणते. तिच्या आयुष्यातला तो बराच मोठा भाग असतो. त्याच आजीला बंगल्यात स्वतंत्र खोली मिळते, पण बाहेर पडायचं तर ‘मला जरा सोडतोस का?’ असं विचारावं लागतं. दोन-चारदा ‘आत्ता नको, नंतर जाऊ’ ऐकलं की ती विचारणं बंद करते.

मुलींचंही तसंच. शाळा किंवा कॉलेज लांब आणि सोडायला कुणी नाही, हे मुलींचं शिक्षण थांबण्याचं नेहमीचं कारण.

म्हसवडमध्येच याचं एक ठळक उदाहरण आहे. १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी इथं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. तिची सुरुवातच घराच्या प्रश्नातून झाली. रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका महिलेला पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालण्यासाठी पैसे साठवायचे होते आणि एवढ्या छोट्या बचतीसाठी बँका खातं उघडायला तयार नव्हत्या. पुढे बँक निघाली, तरी महिलांना बँकेत यायला जमेना. आलं तर मजुरी बुडायची. तेव्हा बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली.

अंतराचा खर्च किलोमीटरमध्ये भागत नाही, तो बुडालेल्या रोजगारात आणि सोडून दिलेल्या कामांत मोजावा लागतो. माणदेशी बँकेनं ज्या महिलांसाठी हे अंतर कमी केलं, त्यांच्यासारख्याच महिला घर दूर गेलं की पुन्हा त्याच जागी येतात.

आणि हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं होतं. शेतीबाहेरच्या कामांना देशात पायी जाणारे लोक दुचाकीवर जाणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

पण मध्यवस्तीत खरंच चालता येतं का?

इथं एक अडचण आहे. अंतर कमी असणं आणि चालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. बाजारपेठ २०० मीटरवर आहे, पण वाटेत उघडं गटार, दुकानाबाहेर आलेला माल, दोन्ही बाजूला उभ्या गाड्या आणि मधून हॉर्न वाजवत जाणारा डंपर असेल, तर त्या २०० मीटरचा उपयोग काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दर पाचांतला जवळपास एक. दुचाकीवरचे तर ४४ टक्क्यांहून जास्त. त्यामुळे गावाबाहेर राहून दुचाकीवर अवलंबून राहणंही धोक्याचं आणि गावात राहून फूटपाथशिवाय चालणंही.

पाणी, ड्रेनेज, रुग्णवाहिका आत येईल इतका रस्ता, रात्रीचे दिवे आणि स्वच्छ सार्वजनिक शौचालय, एवढं झालं तर जुनं गावठाण राहण्यालायक होतं. यातलं बहुतेक काम नगरपालिकेचं आहे. नगरपालिकेच्या फायद्याचंही आहे, कारण चिकटून असलेल्या शंभर घरांना पाणी आणि गटार द्यायला जेवढी पाइप लागते, त्याच्या कितीतरी पट जास्त पाइप विखुरलेल्या शंभर प्लॉटना लागते. हा खर्च शेवटी सगळ्यांच्या करातूनच जातो.

बांधकामाच्या नियमांतही थोडी वाट आहे. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे ‘यूडीसीपीआर’ लागू आहे आणि ती नगरपालिकांनाही लागू होते. त्यात गावठाणासारख्या दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत. घराभोवती सोडायच्या जागेच्या अटी बाहेरच्या प्लॉटपेक्षा सौम्य आहेत. त्यामुळे ‘गावठाणात आता बांधताच येत नाही’ हा समज बरोबर नाही. आधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारा.

घर ठरवण्याआधी काय तपासाल?

१. चालून बघा. जागा बघायला गाडीवर गेलात तरी येताना बसस्थानकापर्यंत चालत या, तेही दुपारी. नंतर एकदा अंधार पडल्यावर. शक्य असेल तर आईला सोबत घ्या.

२. रोजच्या सात गोष्टी मोजा. किराणा, भाजी, दवाखाना, औषधाचं दुकान, शाळा, एसटी आणि आई-वडिलांची बसण्या-बोलण्याची जागा. यातल्या किती १५ मिनिटांत पायी मिळतात? तीनपेक्षा कमी असतील तर दुसऱ्या गाडीचा खर्च आजच बजेटमध्ये धरा.

३. गावाबाहेर घेत असाल तर कागद बघा. एनए आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. रेखांकनातला रस्ता जागेवर खरंच आहे का ते पाहा. सातबारावर सामाईक नावं टाकून विकलेला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा स्वस्त मिळतो, पण रस्ता, गटार आणि बांधकाम परवानगी यांची जबाबदारी कुणीच घेत नाही. असे तुकडे नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, पण त्याला मुदतीच्या आणि शुल्काच्या अटी आहेत. पुढे नियमित होईल या भरवशावर आज पैसे देऊ नका.

४. गावात जुनं घर असेल तर आधी वारसांची यादी करा. मिळकत पत्रिकेवर कुणाची नावं आहेत ते बघा. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांमधलं विनामोबदला हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांक शुल्कात होतं, पण त्याची नोंदणी करावी लागते. नुसतं तोंडी ‘तू घे’ म्हटलेलं पुढच्या पिढीत टिकत नाही. आणि बहिणीला ‘फक्त सही कर’ म्हणून बोलावू नका, तिच्या हिश्श्याचं आधी बोला.

५. वीस वर्षांनी गाडी कोण चालवणार? आज तुम्ही पस्तीशीचे असाल तर कर्ज फिटेपर्यंत पंचावन्न व्हाल. मुलं तोवर पुण्या-मुंबईला गेलेली असतील. तेव्हा त्या घरात राहणारे तुम्ही दोघंच असाल, आणि औषध आणायला जायचं असेल.

थोडक्यात

गावाबाहेरचा बंगला वाईट आणि गावातलं घर चांगलं, असा सरसकट निकाल नाही. हवा, उजेड, जागा, गाडी लावायची सोय यांची किंमत असतेच. पण जगातली मोठी शहरं पन्नास-साठ वर्षं बाहेर पसरली आणि आता प्रचंड पैसा खर्च करून घर, काम आणि बाजार पुन्हा चालण्याच्या अंतरात आणायच्या मागे आहेत. म्हसवडसारख्या गावांत हे अंतर अजून मोडलेलं नाही. देऊळ, पेठ, शाळा आणि एसटी स्टँड आजही जवळ आहेत. फक्त त्यांच्या मधोमध असलेल्या घरांना कुलपं लागत चालली आहेत.

तुमच्या घरात सध्या प्लॉटची चर्चा चालू असेल, तर जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून एवढंच विचारा: ‘५ मिनिटं म्हणजे पायी, की गाडीवर?’ आणि आलेलं उत्तर सगळ्यात आधी घरातल्या गाडी न चालवणाऱ्या माणसाला सांगा.